टाकीची झीज

छत्रपती संभाजीनगरात कुठेही पाया खणा, माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. विहीर पाडणाऱ्याची पहार त्याच्यावरच खणखणते आणि रस्त्याला पडणारी खडीही त्याचीच असते. दौलताबादचा तासलेला डोंगर त्याचा, शहराच्या उत्तरेची बौद्ध लेणी त्यात कोरलेली, वेरूळ आणि अजिंठाही त्यातच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थिजला आणि थरावर थर चढत जाऊन दख्खनचे पठार झाले. इतकी झीज होऊनही त्याचा पसारा आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यांवर हे पठार तुटल्यासारखे दिसते, पण दगड तुटत नाही. घाट उतरून कोकणात गेलो तरी पायाखाली तोच असतो, कुठे जांभ्याखाली दडलेला, कुठे उघडा. किनाऱ्यावर येऊन तो समुद्रात उतरतो.

मराठवाड्यातल्या माणसाच्या मनात समुद्र फार लांब असतो. रस्त्याने पाहिले तर तीनशेहून अधिक किलोमीटर. पण दगडाच्या नात्याने पाहिले तर हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर लाटा ज्या कातळावर फुटतात, तो आणि कैलास लेण्याची भिंत एकाच कुळातली. या कातळावर धारदार हत्यार चालवणारे दोघे माझ्या ओळखीचे आहेत. एक, वेरूळ-अजिंठ्याचे पाथरवट. दुसरा, माझ्या करंगळीपेक्षाही लहान असा एक समुद्री प्राणी, कायटॉन. कोरल्या गेलेल्या दगडाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते हत्याराविषयी.

या शहरातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत आले. पदवीच्या वर्गात मृदुकाय प्राण्यांचा संघ सुरू झाला की प्रयोगशाळेच्या कपाटातून बरण्या टेबलावर येतात. शंख, शिंपला, माकूळ, ऑक्टोपस आणि त्यांच्या सोबतीला कायटॉन. प्रात्यक्षिक परीक्षेच्या स्पॉटिंगमध्ये तो हमखास ठेवला जातो, कारण ओळखायला सोपा. पाठीवर एकामागे एक आठ कवचपट्ट्या, प्रत्येक पट्टीची मागची कड पुढच्या क्रमांकाच्या पट्टीवर जराशी चढलेली. भोवती मांसल कडा, जिला आम्ही मेखला म्हणतो. पोटाकडून पाहिले तर रुंद, सपाट पाय आणि पायाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत कल्ल्यांची रांग. डोक्यावर ना स्पर्शिका, ना डोळे. मुले जर्नलमध्ये आकृती काढतात, आठ पट्ट्यांना नावे देतात आणि बरणी पुढे सरकवतात. फॉर्मलीनमध्ये वर्षानुवर्षे राहून त्याचा रंग उडालेला असतो. त्या राखाडी तुकड्याकडे पाहून हा प्राणी कधी चालत असेल, खात असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणून अभ्यास सहल लागते. आमच्या सहलीत कन्नड, पैठण, सिल्लोड, वैजापूर अशा तालुक्यांतून आलेली मुले असतात. त्यांतल्या अनेकांनी समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेला असतो. तिथी पाहूनच जावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि एरवी पाण्याखाली असणारा कातळ तेवढ्यापुरता उघडा पडतो. हरिहरेश्वराला प्रदक्षिणेचा मार्ग याच कातळावरून जातो आणि ओहोटी असेल तरच तो चालता येतो. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने तिथल्या दगडावर लहानमोठी छिद्रे पाडून जाळी केली आहे. भाविक त्या जाळीवर हात ठेवून पुढे जातात. आम्ही मात्र खाली बसतो.

कायटॉन शोधायचा तर उन्हातला कातळ सोडायचा आणि डबक्याच्या काठचा, सावलीतला, खालून ओला राहिलेला धोंडा हळूच उलटायचा. तिथे तो दिसतो, दोन-तीन सेंटिमीटरचा, दगडाच्याच रंगाचा. नजर सरावली नसेल तर त्याच्यावरून पुढे जाते. मग कोणीतरी भिंग धरते आणि पट्ट्यांवरच्या बारीक रेघा दिसू लागतात, मेखलेवरचे खडबडीत खवले दिसतात, एखाद्या पट्टीवर चढलेले हिरवे शेवाळही दिसते. मुलांना मी आधीच सांगून ठेवते की धोंडा उलटला की पाहून घ्या आणि होता तसाच परत ठेवा. त्याची खालची बाजू वर राहिली तर तिथे राहणारे सगळे उन्हाने मरतील. तरीही एखादा हात पुढे होतो आणि नखाने कायटॉन सोडवू पाहतो. पहिल्या स्पर्शालाच तो मेखला दगडाशी घट्ट दाबून घेतो. त्यानंतर नख तुटेल, पण तो सुटणार नाही. आणि लाटेने किंवा माशाने त्याला उखडलेच, तर त्या आठ सुट्या पट्ट्यांचा उपयोग होतो. पोट आत घेऊन तो अंगाचा गोळा करतो आणि बाहेर फक्त कवच राहते. एकसंध शंख असता तर हे जमले नसते. पट्ट्या सुट्या असल्यामुळेच खडबडीत दगडाच्या चढउतारावर तो अंग टेकवून बसू शकतो.

जगात कायटॉनच्या सुमारे एक हजार जाती आहेत. सगळ्या समुद्रातल्याच, गोड्या पाण्यात किंवा जमिनीवर यांतली एकही गेली नाही. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची सर्वांत मोठी जात तीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. त्यांचे सर्वांत जुने जीवाश्म पन्नास कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. म्हणजे हरिहरेश्वरच्या ज्या कातळाला आपण अनादी समजतो, तो ओतला गेला तेव्हा कायटॉनचे घराणे चाळीस कोटी वर्षांहूनही जुने झालेले होते. पायाखालचा दगड नवा आणि त्यावर बसलेला जीव जुना, हा हिशोब मुलांना सांगितला की ती पुन्हा एकदा खाली वाकून पाहतात.

डोळ्यांची गोष्टही तिथेच सांगावी लागते, कारण प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, याला दिसत नाही तर आपली सावली पडल्यावर हा दबला कसा?" डोक्यावर डोळे नाहीत हे खरे, पण कायटॉनच्या कवचात आरपार बारीक नळ्या असतात आणि त्यांत जिवंत ऊतक असते. प्रकाश-अंधाराचा फरक तिथे कळतो. काही जातींनी त्याच्या पुढची पायरी गाठली आहे. कॅरिबियन समुद्रातल्या एका जातीच्या पट्ट्यांवर शेकडो सूक्ष्म डोळे असतात आणि त्यांची भिंगे ॲरागोनाइटची, म्हणजे ज्या खनिजाचे कवच त्याच खनिजाची असतात. २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिले की या दगडी भिंगांतून पुसट का होईना, पण आकृती उमटते. त्याची किंमतही मोजावी लागते. जिथे डोळा आहे तिथे कवच कमजोर होते. म्हणून हे डोळे पट्टीच्या खोलगट भागात बसवलेले आणि त्यांच्या बाजूचे उंचवटे जाड. पाहायचे असेल तर चिलखताला भोके पाडावी लागतात, आणि तरीही या प्राण्याने पाहणे पत्करले.

पण डोळ्यांहून मोठे नवल त्याच्या तोंडात आहे. कायटॉन खातो ते कातळावरचे शेवाळाचे पातळ अस्तर. हे अस्तर दगडाला इतके चिकटलेले असते की ते मिळवायचे तर दगडच खरवडावा लागतो. त्यासाठी त्याच्या तोंडात एक लांब पट्टी असते. तिला रॅड्युला म्हणतात, आम्ही वर्गात दंतपट्टी म्हणतो. तिच्यावर दातांच्या आडव्या ओळी, एका ओळीत बहुधा सतरा दात. त्यांपैकी एकच जोडी मोठी, काळी आणि चकचकीत असते. खरवडण्याचे काम तिचे.

तो काळा रंग कशाचा, याचे उत्तर १९६२ साली मिळाले. हाइन्झ लोवेनस्टाम हे जर्मनी सोडून अमेरिकेत आलेले भूशास्त्रज्ञ होते. त्यांनी हे दात तपासून दाखवले की त्यांच्यावरचा थर मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाचा आहे. भूशास्त्राला हा धक्काच होता. मॅग्नेटाइट तापलेल्या शिलारसातून तयार होते, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली होते, असे तोवर मानले जात होते. समुद्राच्या पाण्याइतक्या थंड, मऊ शरीरात ते होऊ शकते हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे १९७५ साली चुंबकाच्या दिशेने पोहणारे जिवाणू सापडले, मग इतर प्राण्यांतही मॅग्नेटाइटचा शोध सुरू झाला. त्या वाटेवर पहिले पाऊल कायटॉनच्या दातांमुळे पडले.

मला या शोधात सर्वाधिक भावते ती त्याची दुसरी बाजू. आपल्या काळ्या पाषाणातही मॅग्नेटाइट आहे. पावसाळा ओसरला की मी वर्गाला खाम नदीच्या काठी किंवा जवळच्या एखाद्या ओढ्यावर नेते. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक कोरड्या वाळूवरून फिरवायचा. उचलला की त्याला काळ्या कणांची मिशी फुटलेली असते. हे कण दगड झिजून मोकळे झालेले लोहखनिज. लाव्हा थिजला तेव्हा हजार अंशांच्या उष्णतेत जन्मलेले. तेच खनिज किनाऱ्यावर एक जीव शेवाळ खाऊन, पाणी पिऊन, कोणत्याही भट्टीशिवाय आपल्या तोंडात घडवतो आणि त्यानेच तो कातळ घासतो. घासणारा आणि घासला जाणारा, दोघांच्याही अंगात एकच खनिज. एकाला ते आगीने दिले, दुसऱ्याने स्वतः कमावले.

हे कमावणे कसे होते, ते डोळ्यांनी पाहता येते. कपाटातल्या एका जुन्या बरणीला तडा गेला आणि आतला नमुना खराब होऊ लागला, तेव्हा त्याची दंतपट्टी सोडवून मी काचपट्टीवर कायमची बसवून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली ती मागून पुढे सरकवत नेली की सगळी हकिकत क्रमाने वाचता येते. अगदी मागच्या ओळींतले दात पारदर्शक असतात, नुसत्या कायटिनचे, मऊ. काही ओळी पुढे सरकले की त्यांच्यावर तांबूस-तपकिरी छटा येते. रक्तातून आलेले लोह तिथे गंजासारख्या रूपात साठू लागलेले असते. आणखी पुढे तो रंग गडद होतो आणि मग एकदम काळा. गंजाचे मॅग्नेटाइट झाले. त्यापुढच्या ओळींत दाताच्या आतला गाभा दुसऱ्या, जरा मऊ खनिजांनी भरला जातो. आणि अगदी पुढे, तोंडाशी, काही ओळींचे दात झिजून बोथट झालेले, कडा तुटलेले. तेच खरे कामावरचे दात. झिजले की ते गळून पडतात आणि मागची ओळ पुढे येते. काही जातींत हा वेग मोजला गेला आहे. साधारण दोन-तीन दिवसांत एक ओळ जाते आणि तेवढ्याच वेळात मागे एक नवी पारदर्शक ओळ जन्माला येते. आयुष्यभर हे थांबत नाही.

एका वर्षी ही काचपट्टी पाहायला मुले रांगेत उभी होती. वैजापूरकडचा एक मुलगा डोळा लावून बसला तो उठेचना. मागच्या मुलांनी ओरडा केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बाबा पहार शेवटतात तेव्हा असंच होतं. रंग पळत येतो." त्याचे वडील लोहार. मी त्याला फळ्याशी बोलावले आणि सगळ्यांना नीट समजावून सांगायला लावले. तो सांगू लागला. पहारेचं टोक बोथट झालं की भट्टीत लाल करायचं, ऐरणीवर ठोकून टोक काढायचं. मग पाणी द्यायचं. आधी नुसतं टोक बुडवायचं, लगेच बाहेर काढून दगडावर घासायचं, म्हणजे लोखंड उजळ दिसतं. मागं ऊब असतेच. ती टोकाकडं येते आणि तिच्याबरोबर रंग येतो. आधी पिवळा, मग तांबूस, मग जांभळट, मग निळा. कोणत्या रंगाला परत बुडवायचं हे काम बघून ठरवायचं. "लवकर बुडवलं तर टोक कडक होतं पण तुकडा पडतो. उशीर झाला तर मऊ राहतं, दगडावर मुडपतं."

मी त्या तासाला पुढचा भाग शिकवला तो त्याच्या वाक्यावरून. कायटॉनच्या दातालाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. सगळा दात मॅग्नेटाइटचा असता तर तो कातळावर फुटला असता, सगळा मऊ असता तर मुडपला असता. म्हणून पुढची, घासणारी कड कठीण आणि मागचा गाभा मऊ. घासताना मऊ बाजू आधी झिजते, कठीण कड पुढे राहते आणि दाताला आपोआप धार येत जाते. जीवांनी घडवलेल्या पदार्थांत इतका कठीण आणि झीज सोसणारा पदार्थ क्वचित आढळतो. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत या दाताची रचना पाहून घासणारी-कापणारी नवी हत्यारे करता येतील का, याचा विचार चालू आहे. वैजापूरच्या भट्टीवर बसणाऱ्या माणसाला त्यामागचा प्रश्न कोणी समजावून सांगावा लागला नसता.

त्या तासानंतर वेरूळ मला वेगळे दिसू लागले. कैलासाची कथा आपल्याला पाठ आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठव्या शतकाचा उत्तरार्ध, डोंगर माथ्याकडून खाली कोरत आणलेले अखंड देऊळ. मागची कातळभिंत तीस मीटरांहून उंच. काढून टाकलेला दगड काही अंदाजांप्रमाणे दोन लाख टन. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या ताम्रपटात असा उल्लेख आहे की हे देऊळ पाहून ते घडवणारा शिल्पीच थक्क झाला. राजाचे नाव राहिले, शिल्पीचे आश्चर्य राहिले, दगड तर राहिलाच. टाकी मात्र राहिली नाही.

अंगणात उभे राहून बाजूच्या भिंतींकडे उन्हाच्या तिरिपीत पाहिले तर ती कुठे गेली ते कळते. भिंतीवर तिरप्या, समांतर खुणा आहेत. प्रत्येक खूण म्हणजे एक घाव आणि प्रत्येक घावात टोकाचे थोडे लोखंड खर्ची पडलेले. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले. पुरे झाले असते तर ते तिथल्या मोठ्या लेण्यांपैकी एक ठरले असते. तिथे काम हाती घेतल्यावर दगड कसा काढत नेत, ते अजून दिसते. कुठे खांब नुसता ठोकळ्यासारखा सोडलेला, कुठे चर पाडून ठेवलेले. त्या चरांशी बसलेल्या माणसाची टाकी या दगडावर किती टिकत असेल? आजही काळ्या पाषाणात काम करणारा पाथरवट एकाच टाकीवर दिवस काढू शकत नाही. तिला धार लावावी लागते, शेवटावी लागते. म्हणजे डोंगरावर जेवढे हात घाव घालत होते, त्यांच्या पाठीमागे भाता फुंकणारे, ऐरणीवर टोके काढणारे, रंग पाहून पाणी देणारे हात असलेच पाहिजेत. त्या भट्ट्या विझल्या असत्या तर कैलास पहिल्या आठवड्यातच थांबला असता.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण मुलांना सांगतो आणि त्यांना दगडाच्या जागी कल्पितो. सोसणाऱ्याचा गौरव करणारी ही म्हण खोटी नाही. पण घाव घालताना टाकीही सोसत असते आणि तिला देवपण मिळत नाही. तिच्या वाट्याला फक्त झीज येते आणि झिजल्यावर तिच्या जागी दुसरी. कठीणपणा ही एकदा मिळाली की कायमची राहणारी गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. एखाद्या माणसाला, संस्थेला, विद्येला धार आली की ती आली. कायटॉनची दंतपट्टी सांगते की तसे नसते. जो कातळाशी रोज भिडतो त्याचा कठीणपणा रोज खर्च होतो. टिकायचा असेल तर तो पाठीमागे, नजरेआड, सतत नव्याने तयार होत राहिला पाहिजे. पुढच्या काळ्या दातांकडे पाहून प्राण्याची ताकद कळते. तो जगणार की नाही, हे मागच्या पारदर्शक दातांवरून कळते.

शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला या वाक्याचा अर्थ प्राणिशास्त्राच्या बाहेरही लागत गेला. आमच्या भागातल्या महाविद्यालयांत विज्ञानाच्या कित्येक जागा रिकाम्या आहेत. निवृत्त झालेल्यांच्या ठिकाणी तासिका तत्त्वावरची माणसे येतात. हुशार, मेहनती, पण पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नसते. प्रयोगशाळेतली बरणी फुटली तर नवी येत नाही. अभ्यास सहलीचा खर्च हा चैनीचा खर्च समजला जातो आणि मग मुले समुद्र न पाहताच समुद्री प्राण्यांवर पदवी घेतात. कायटॉनची जात नेमकी ओळखायची तर पट्ट्यांवरच्या रेघा, मेखलेवरचे खवले आणि दंतपट्टी, तिन्ही तपासावी लागतात. ही नजर पुस्तकातून येत नाही, ती ज्याला आली आहे त्याच्या शेजारी काही वर्षे बसून येते. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून हे काम करते आहे, पुण्यातही तिचे केंद्र आहे. पण अशा संस्थांना माणसे कुठून मिळणार? ती वैजापूर-सिल्लोडच्या वर्गांतूनच मिळायची असतात. पुढची ओळ काम करते आहे तोवर मागची रिकामी आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते दात गळल्यावर, आणि त्या दिवशी सुरुवात केली तरी पारदर्शक दात काळा व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच. लोह घाईने चढत नाही. लोहाराच्या भाषेत सांगायचे तर उतावळेपणाने बुडवलेल्या टोकाचा तुकडा पडतो.

त्या मुलाच्या वडिलांच्या भट्टीचाही हाच प्रश्न आहे. ट्रॅक्टर आला, फाळ बाजारातून तयार येऊ लागले, गावागावांतले भाते बंद पडले. जे काम यंत्र करते ते माणसाने करत बसावे असे मी म्हणणार नाही. पण रंग पळत येताना नेमका कोणत्या क्षणी बुडवायचा हे ज्ञान, पिढ्यान् पिढ्या पोलाद हाताळून जमलेले, वर्गातल्या धातुशास्त्राला जोडून घेता आले असते. त्यासाठी कोणीतरी त्या माणसाला प्रयोगशाळेत बोलवायला हवे होते. आम्ही एकदा बोलावले. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "याला पाणी कोण देतं?" रक्तातले प्रथिन लोह वाहून आणते, दाताच्या जाळीत ते बसते, मग त्याचे रूप बदलते, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न केला तो संशोधकाचा होता. लोह खायला मिळाले नाही तर दात काळे व्हायचे थांबतात का? त्या प्रश्नावरून आमच्या दोन विद्यार्थ्यांनी पुढे परिसंवादासाठी विषय घेतला.

लोकांनी कैलास पाहावा, डोंगराएवढ्या कामाने थक्क व्हावे, यात काही गैर नाही. मुलांना मात्र मी आणखी दोन गोष्टी पाहायला सांगते, भिंतीवरची घावांची खूण आणि दंतपट्टीचे मागचे टोक. आणि ज्यांच्या हाती जागा भरणे, पैसे देणे, सहलीला परवानगी देणे आहे त्यांना सांगायचे तर एवढेच की काळ्या, चकचकीत ओळीचा गौरव आपोआप होतो, त्यासाठी सभा-समारंभ लागत नाहीत. निधी, माणसे आणि धीर मागच्या ओळींना लागतो, जिथे दात अजून मऊ आणि पारदर्शक आहेत आणि लोह येण्याची वाट पाहत आहेत. ते लोह पोहोचवण्याचे काम आपले आहे, आणि ते दरवर्षी, न चुकता करावे लागते.